कोर्लई: कुंडलिकेच्या मुखावरचे गाव, त्याचे जगणे आणि त्याची भाषा

पोर्तुगीज वळणाचे समुद्रकाठचे गाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोवा येतो. आमच्या बेंगळुरूच्या महाविद्यालयातली मुलेही सुट्टी लागली की गोव्याची किंवा गोकर्णाची बस पकडतात. या पाठात आपण त्याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेला, महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात जाणार आहोत. तिथे कोर्लई नावाचे गाव आहे. पोर्तुगीज सत्ता तिथून १७४० साली गेली. तरीही गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून जन्मलेली एक भाषा आजही बोलली जाते. तिचे बोलणारे साधारण हजाराच्या आसपास आहेत. आपल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला जेवढे विद्यार्थी असतात, तेवढ्याच माणसांच्या तोंडी एक संपूर्ण भाषा आहे असे समजा.

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

१. कोर्लई कुठे आहे आणि पोर्तुगीजांना ही जागा का हवी होती.
२. भरती-ओहोटीच्या प्रवाहावर मासेमारी कशी चालते.
३. मिश्रभाषा म्हणजे काय, आणि कोर्लईची भाषा इतकी वर्षे का टिकली.
४. गावात पाहण्यासारखे काय आहे आणि ते कसे पाहावे.

१. जागा

अलिबागहून दक्षिणेला मुरुडकडे जाणारा रस्ता धरला की चौल आणि रेवदंडा लागते. रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून थोडे पुढे समुद्राकडे वळले की कोर्लई. गावाजवळून एक डोंगर समुद्रात जिभेसारखा पुढे गेला आहे. त्याच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला खुला अरबी समुद्र आहे. डोंगराच्या माथ्यावर किल्ला आणि पायथ्याला वस्ती.

नकाशा समोर ठेवून एक प्रश्न स्वतःला विचारा. ज्याच्या हातात हा डोंगर, त्याच्या हातात काय? खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करणारे प्रत्येक गलबत या डोंगराच्या तोफांच्या टप्प्यात येते. पलीकडच्या काठावर चौल हे फार जुने व्यापारी बंदर होते. म्हणजे डोंगर ज्याचा, बंदराची किल्ली त्याची. कोर्लईचा पुढचा सारा इतिहास या एका भौगोलिक गोष्टीतून निघतो.

२. थोडक्यात इतिहास

पोर्तुगीज चौलला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि गुजरातचे आरमार यांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी त्याचा वचपा काढला.

चौलचा प्रदेश तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता. निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी आजच्या रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने या कोटाला मोठा वेढा दिला, पण कोट पडला नाही. १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी उभारली. रेवदंड्याच्या पोर्तुगीजांसाठी ही गळ्याला लावलेली सुरी होती. त्याच वर्षी त्यांनी हल्ला करून डोंगर जिंकला आणि तिथे स्वतःचा किल्ला केला. या जागेला ते ‘मोरो’ म्हणत. पोर्तुगीज भाषेत मोरो म्हणजे टेकडी.

पुढची सुमारे दीडशे वर्षे खाडीचे दोन्ही काठ त्यांच्याकडे राहिले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता कोसळली. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पुढे १८१८ नंतर हा प्रदेश इंग्रजांकडे गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. राज्यकर्ते गेले, अधिकारी आणि शिपाई गेले, पण स्थानिक ख्रिस्ती रयत इथेच राहिली. ती माणसे इथल्याच मातीतली होती. धर्म आणि भाषा मात्र त्यांच्यापर्यंत पोर्तुगीजांमार्फत पोहोचली होती. आजचे कोर्लईचे ख्रिस्ती त्यांचेच वंशज आहेत.

३. समुद्रावरचे जगणे

कोर्लईत ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान अशी सगळी वस्ती आहे. मासेमारी मुख्यतः कोळी समाजाच्या हातात आहे, तर ख्रिस्ती घरांचा भर परंपरेने शेतीवर राहिला. म्हणजे गाव एक असले तरी कामे वाटलेली आहेत.

(अ) भरतीचे गणित

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. त्याचे मुख्य कारण चंद्राचे गुरुत्वाकर्षण, आणि त्याच्या जोडीला सूर्याचे. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढते, जास्त उतरते. याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा चढउतार कमी होतो. याला भांगाची भरती म्हणतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळपास वरखाली होते. म्हणजे दीड मजल्याएवढे.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक साधे सूत्र वापरतात: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. आलेली संख्या म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, तासांत. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती साधारण बारा तासांनी.

हे सूत्र का चालते ते पाहू. एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ १२ तास सरकून पुन्हा मूळ जागी येते. १२ तास भागिले १५, म्हणजे तिथीला ४८ मिनिटे. सूत्र तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे धरते. तिथीमागे फक्त तीन मिनिटांचा फरक. पंचांग हाताशी आहे, घड्याळ नाही, आणि होडी लोटायची वेळ ठरवायची आहे, अशा माणसाला एवढी अचूकता पुरेशी होती. अभियांत्रिकीत आपण ज्याला कामचलाऊ सूत्र म्हणतो, त्याचा हा उत्तम नमुना आहे. त्रुटी किती हे माहीत असेल तर कामचलाऊ सूत्र वापरण्यात कमीपणा नाही.

(आ) डोल

रायगड ते मुंबई या पट्ट्यात समुद्रतळ उथळ आणि चिखलाचा आहे, उतार मंद आहे आणि भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार आहे. या परिस्थितीतून जे जाळे घडले त्याला डोल म्हणतात. डोल म्हणजे नरसाळ्यासारखी मोठी लांब पिशवी. तिचे तोंड रुंद असते आणि शेपटाकडे ती निमुळती होत जाते. तोंडाकडचे आस मोठे, शेपटाकडचे अगदी बारीक. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना दोरांनी हे जाळे बांधतात आणि तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवतात.

ओढून मासे पकडणाऱ्या जाळ्यांत जाळे हलते. इथे जाळे जागेवर उभे असते आणि पाणी हलते. मासळी प्रवाहाबरोबर आत येते आणि शेपटाच्या पिशवीत साठते. प्रवाह मंदावला की जाळे वर काढायचे, पिशवी सोडून मासळी होडीत घ्यायची. म्हणजे जाळे ओढण्यासाठी इंधन लागत नाही, ते काम चंद्र करतो.

मात्र त्याची किंमतही आहे. वाहत्या पाण्याचा जाळ्यावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. म्हणून खुंट, दोर आणि गाठी उधाणाच्या हिशेबाने मजबूत कराव्या लागतात. एक दोर तुटला तर हजारोंचे जाळे वाहून जाते. तसेच जाळ्याच्या शेपटाचे आस बारीक असल्यामुळे मोठ्या मासळीबरोबर पिल्लेही अडकतात. आजचे मत्स्यशास्त्र आसांच्या आकाराबद्दल आग्रही आहे ते यामुळेच.

डोलीत मुख्यतः बोंबील, जवळा, कोळंबी, मांदेली अशी मासळी मिळते. बोंबिलात पाणी फार असते, तो लवकर खराब होतो. बर्फ सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी त्यावर एकच उपाय होता: उन्हात वाळवणे. बांबूंचे मांडव उभारून त्यांवर दोऱ्या ताणतात आणि दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून दोरीवर टांगतात. जवळा जमिनीवर पसरून वाळवतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा घरात हेच सुके म्हावरे लागते.

(इ) बायकांचे काम

होडी समुद्रात नेणारे पुरुष असले तरी होडी किनाऱ्याला लागल्यावरचा कारभार कोळणीचा असतो. मासळी निवडणे, वाळवणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, गिऱ्हाइकाशी भाव करणे आणि पैशाचा हिशेब ठेवणे ही कामे तिची. एखाद्या उद्योगाचे उत्पादन एकाकडे आणि विक्री व वित्त दुसऱ्याकडे असावे, तशी ही विभागणी आहे. मासेमारीवरच्या आकडेवारीत खलाशी मोजले जातात. हे किनाऱ्यावरचे श्रम पुष्कळदा मोजायचे राहतात, हे वाचताना ध्यानात ठेवा.

(ई) बंदीचे दिवस

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. दोन कारणे आहेत: पावसाळ्यातला खवळलेला समुद्र, आणि अनेक जातींच्या माशांचा प्रजननाचा काळ. कायदा येण्याच्या फार आधीपासून कोळी समाज या दिवसांत होड्या ओढून घेई, जाळी दुरुस्त करी, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच पुन्हा समुद्रात उतरे.

४. ‘आपली भाषा’

आता या गावाच्या सर्वांत वेगळ्या गोष्टीकडे वळू.

कोर्लईचे ख्रिस्ती आपल्या भाषेला ‘नॉ लिंग्’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, भाषा. नॉ लिंग् म्हणजे आपली भाषा. तिला ‘क्रिस्ती’ असेही नाव आहे. भाषाशास्त्रात अशा भाषेला क्रिओल, म्हणजे मिश्रभाषा, म्हणतात.

व्याख्या: दोन वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना रोज एकमेकांशी व्यवहार करावा लागला, त्यातून एक तडजोडीची बोली तयार झाली, आणि पुढच्या पिढीची मुले तीच बोली मातृभाषा म्हणून बोलू लागली, की तिला मिश्रभाषा म्हणतात.

मिश्रभाषा म्हणजे मोडकीतोडकी पोर्तुगीज नव्हे, हे नीट समजून घ्या. तिला स्वतःचे व्याकरण असते. काही उदाहरणे पाहू.

शब्दांचा क्रम. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येते: ‘मी खातो मासा’ असा क्रम. मराठीत ते शेवटी येते: ‘मी मासा खातो’. कोर्लईची भाषा मुळात पोर्तुगीज वळणाची, पण मराठीच्या शेजारात राहून तिचे क्रियापद वाक्याच्या शेवटी सरकले.

संबंध दाखवणे. पोर्तुगीजमध्ये ‘घर, पेद्रूचे’ असे उलटे म्हणतात. कोर्लईत ‘पेद्रू सु काद्झ’ म्हणतात. ‘काद्झ’ हा पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर, आणि ‘सु’ हा प्रत्यय आपल्या ‘चा-ची-चे’ च्या जागी. शब्द पोर्तुगीज, रचना मराठीच्या चालीची.

क्रियापदांचे वर्ग. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग आहेत आणि कोर्लईने ते तिन्ही सांभाळले. मराठीतून उसनी घेतलेली क्रियापदे मात्र या तिन्हींत बसेनात. तेव्हा भाषेने त्यांच्यासाठी ‘उ’कारान्त असा चौथा वर्ग तयार केला. संगणकशास्त्राचे विद्यार्थी याकडे असे पाहू शकतात: जुनी रचना न मोडता नव्या प्रकारच्या नोंदींसाठी एक नवा कप्पा उघडला. ही रचना कोणी समिती बसवून ठरवली नाही. शेतात आणि घरात बोलता बोलता ती घडली.

उलट्या दिशेनेही देवाणघेवाण झाली. बटाटा, पाव, काजू, चावी, पगार, घमेले, बालदी, तुरुंग, पाद्री, नाताळ हे मराठी शब्द पोर्तुगीजमधून आले. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही चावी, पगार, बटाटे हे शब्द ऐकू येतात. आमच्या वर्गातला हुबळीचा मुलगा आणि साताऱ्याची मुलगी पगाराची गोष्ट काढतात तेव्हा दोघेही नकळत एकच पोर्तुगीज शब्द वापरतात.

५. ती का टिकली?

एके काळी पोर्तुगीज मिश्रभाषा वसई, साष्टी, मुंबई आणि चौल या साऱ्या पट्ट्यात बोलली जाई. गोव्याचे विद्वान पाद्री सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये या उत्तरेकडच्या बोलीवर लिहिले. त्यानंतर ती मुंबई-वसईतून नाहीशी झाली. दमण आणि दीव येथे मिश्रभाषा टिकली, पण तिथे पोर्तुगीज सत्ताच १९६१ पर्यंत होती. कोर्लईत ती सत्ता त्याच्या दोनशे एकवीस वर्षे आधी संपली होती. मग भाषा कशी राहिली? अभ्यासकांनी दिलेली कारणे अशी:

पहिले, सामाजिक अंतर. धर्म वेगळा, त्यामुळे लग्ने समाजातल्या समाजात. घरातली आई आणि आजी दोघीही तीच भाषा बोलणाऱ्या. मूल ती भाषा अंगणातच शिके.

दुसरे, चर्च. गावातले माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च हे या समाजाचे केंद्र आहे. १९६० च्या दशकापर्यंत तिथे पोर्तुगीज जाणणारे पाद्री असत आणि प्रार्थनेतून पोर्तुगीज कानावर पडत राही.

तिसरे, भूगोल. एका बाजूला डोंगर व समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. रेवदंड्याला जायचे तर तरीतून.

चौथे, संधीचा अभाव. मुंबई-वसईत इंग्रजांच्या काळात कचेऱ्या, रेल्वे आणि गिरण्या आल्या. इंग्रजी शिकले की नोकरी मिळे, म्हणून तिथल्या ख्रिस्ती समाजाने भाषा बदलली. कोर्लईच्या शेतकऱ्याला भाषा बदलून मिळण्यासारखे काही समोर नव्हते.

१९७० च्या दशकात रुमानियन भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्सियू तेबान यांच्या लेखनामुळे ही भाषा जगाच्या अभ्यासकांना कळली. पुढे अमेरिकेतले जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

६. आता ती का विरळ होते आहे?

वरची चारही कारणे उलटी करा, म्हणजे उत्तर मिळते. प्रार्थना १९६० च्या दशकानंतर मराठीत आली. शाळा मराठीत आली. खाडीवर १९८० च्या दशकात पूल झाला. साळावला कारखानदारी आली, मुंबई-पनवेलला नोकरीसाठी जाणे सोपे झाले. बाहेरून सून आली किंवा मुलगी बाहेर गेली की घरची भाषा बदलते.

इथे घाई करून कोणालाही दोष देऊ नका. पूल झाला म्हणून बाळंतीण बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचते. शाळा झाली म्हणून मुलगी तुमच्या शेजारच्या बाकावर बसू शकते. प्रार्थना मराठीत आली म्हणून ती लोकांना समजू लागली. गाव एकटे पडले म्हणून भाषा राहिली हे खरे, पण भाषा राहावी म्हणून गावाने एकटे पडावे असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे: पूल, शाळा आणि नोकरी असतानाही घरात ती भाषा बोलणे शक्य आणि मानाचे कसे राहील?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही हाच प्रश्न आहे. तुळू, कोडवा, कोंकणी, अहिराणी, गोंडी किंवा तंजावरी मराठी बोलणारी मुले बेंगळुरूच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यातच घरच्या फोनवर हळू आवाजात बोलू लागतात. लहान भाषा सोडणे कोणी एका दिवशी ठरवत नाही. ती अशी थोडी थोडी सुटते.

७. काय पाहावे

किल्ला. डोंगराच्या कण्यावर पसरलेला लांबट, अरुंद किल्ला. त्याला एकूण अकरा दरवाजे आहेत, चार बाहेरचे आणि सात आतले. आडव्या भिंतींनी किल्ल्याचे लहान लहान भाग पाडले आहेत. कारण सोपे आहे: शत्रूने एक भाग घेतला तरी पुढच्या भागासाठी त्याला पुन्हा लढावे लागावे. जहाजाच्या तळाला आडव्या भिंती घालून कप्पे करतात, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरले तरी जहाज बुडत नाही. तत्त्व तेच. वर छप्पर गेलेले प्रार्थनामंदिर, पावसाचे पाणी साठवण्याचे टाके आणि पोर्तुगीज शिलालेख पाहा.

दीपगृह. किल्ल्याच्या वाटेवर समुद्राच्या बाजूला आहे. दीपगृहाचा दिवा किती लांबून दिसेल, हे पृथ्वीच्या वक्रतेवर अवलंबून असते. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये = ३.५७ × √उंची, उंची मीटरमध्ये. समजा दिवा समुद्रपातळीपासून २५ मीटरवर आहे: ३.५७ × ५ = सुमारे १७.९ किलोमीटर. होडीतल्या माणसाचा डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर त्याचे सुमारे ५ किलोमीटर. बेरीज सुमारे २२.९ किलोमीटर. हवेतल्या वक्रीभवनामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त.

रेवदंडा. खाडीपलीकडे पोर्तुगीज कोटाची तटबंदी, चर्चचे अवशेष आणि सातखणी बुरूज आहेत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला होता. त्याचे स्मारक रेवदंड्याला आहे.

गाव. चर्च, घरे, वाळवणाचे मांडव आणि होड्या. हा भाग ‘पाहण्याचे ठिकाण’ नाही, कोणाचे तरी घर आणि कोणाचे तरी कामाचे ठिकाण आहे, हे विसरू नका.

८. तुलना: पोर्तुगालचे नाझारे

पोर्तुगालच्या मध्य किनाऱ्यावर नाझारे नावाचे मच्छीमारांचे गाव प्रसिद्ध आहे. तिथल्या बायका पारंपरिक वेशात एकावर एक सात घागरे घालतात आणि वाळूवर जाळ्यांच्या चौकटी मांडून मासे वाळवतात. मासळी विकण्याचे काम तिथेही बायकांचेच. कोर्लईच्या किनाऱ्यावरची कोळीण आणि नाझारेची मच्छीमारीण यांना एकमेकींचे काम समजावून सांगावे लागणार नाही.

फरक समुद्रतळाचा आहे. नाझारेसमोर समुद्राखाली प्रचंड खोल घळ आहे. लाट खोल पाण्यात वेगाने आणि उथळ पाण्यात हळू चालते. घळीवरून येणारी लाट आणि बाजूच्या उथळ भागावरून येणारी लाट वळून एका जागी भेटतात आणि एकमेकींत मिळून उंच होतात. २०२० मध्ये सेबास्तियन श्टॉयटनरने तिथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर फळी चालवून विश्वविक्रम केला. ज्या लाटांनी पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांचे जीव घेतले, त्याच आज पर्यटकांचे आकर्षण आहेत. तिथे आडोशाची खाडी नसल्यामुळे बंदर होईपर्यंत होड्या बैल जोडून वाळूवर ओढाव्या लागत. कोर्लईला मात्र कुंडलिकेची खाडी हेच आयते बंदर आहे.

गोवा-सिंधुदुर्गाच्या स्वच्छ वाळूच्या किनाऱ्यावर रापण चालते: जाळे अर्धगोलाकार टाकून दोन्ही टोके अनेक माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे. पोर्तुगालमध्येही याच पद्धतीची मासेमारी आहे. चिखलाच्या रायगडात मात्र डोल. म्हणजे जाळे कोणते हे राज्यकर्ता ठरवत नाही, समुद्राचा तळ ठरवतो.

९. पाहुण्यासाठी काही सूचना

१. पावसाळा सोडून जा. किल्ल्याची वाट निसरडी होते आणि समुद्र धोक्याचा असतो.
२. वाळत घातलेल्या मासळीवर पाय देऊ नका, जाळी ओलांडू नका. ती कोणाची तरी महिन्याची कमाई असते.
३. फोटो काढण्यापूर्वी विचारा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.
४. ‘जरा ती भाषा बोलून दाखवा’ असे कोणाला म्हणू नका. तुमच्या आजीला कोणी अनोळखी माणसाने असे म्हटलेले तुम्हाला आवडेल का? बोलणे जुळले की भाषा आपोआप कानावर येईल.
५. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी घ्या, त्याचे काय करणार ते सांगा, आणि मुद्रणाची प्रत त्यांना द्या.

सारांश

कोर्लईचा डोंगर खाडीच्या तोंडावर असल्यामुळे त्याच्यासाठी लढाया झाल्या. उथळ, चिखलाचा तळ आणि जोरदार भरती यांतून डोलीची मासेमारी घडली. पोर्तुगीज शब्द आणि मराठी चालीची रचना यांतून एक मिश्रभाषा जन्मली. धर्म, चर्च, भूगोल आणि संधींचा अभाव यांमुळे ती टिकली, आणि तीच कारणे बदलल्यामुळे ती आज विरळ होते आहे. किल्ल्याची भिंत पडली तर पुन्हा चुना लावून उभारता येते. भाषा बोलणारे शेवटचे घर गप्प झाले तर ती सोय नाही.

स्वाध्याय

१. षष्ठीला आणि दशमीला पूर्ण भरती किती वाजता येईल ते पाऊणपटीच्या सूत्राने काढा. तिथीला ४८ मिनिटे धरून पुन्हा काढा आणि दोन्हींतला फरक लिहा.
२. प्रवाहाचा वेग दीडपट झाला तर डोलीवरचा जोर किती पट होईल?
३. ५० मीटर उंचीवरचा दिवा, २ मीटर उंचीवरच्या डोळ्याला किती लांबून दिसेल?
४. तुमच्या मातृभाषेतले पोर्तुगीजमधून आलेले पाच शब्द शोधा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि प्रत्येक शब्द कोणत्या वस्तूबरोबर आला असावा ते लिहा.
५. तुमच्या घरात आजी-आजोबा बोलतात पण तुम्ही बोलत नाही, असे दहा शब्द लिहून काढा. ते तुमच्यापर्यंत का पोहोचले नाहीत, याचे कारण या पाठातल्या चार कारणांशी ताडून पाहा.